एसटीपीचं पाणी टँकरने द्यायचंय? मग फाईल अशी करा

"संमतीपत्र घेऊन या," असं सांगितलं की सोसायटीचे सेक्रेटरी बहुतेक वेळा भोगवटा प्रमाणपत्र आणून ठेवतात. कधी एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा प्लँट, बसवणाऱ्याचं वॉरंटी कार्ड येतं. एका काकांनी तर प्लँटच्या भिंतीवरचा लॅमिनेट केलेला फ्लो-डायग्रामच खिळ्यासकट उतरवून आणला होता. त्यात त्यांची चूक नव्हती. बिल्डरने हस्तांतराच्या दिवशी किल्ल्यांचा जुडगा आणि एक गठ्ठा हातात दिला, त्या गठ्ठ्यात नेमकं काय होतं हे कुणीच उलगडून पाहिलं नव्हतं.

मग मे महिना येतो. पुढच्या गेटमधून दिवसाला सहा टँकर आत येतात आणि मागच्या बाजूला एसटीपीचं चांगलं निवळलेलं पाणी ड्रेनेजमध्ये जात असतं. शेजारच्या प्लॉटवरचा साइट इंजिनीअर विचारतो, "तुमचं एसटीपीचं पाणी मिळेल का? टँकर आम्हीच पाठवतो." सेक्रेटरी आनंदाने हो म्हणतात. हा लेख त्या 'हो'च्या आधी वाचायचा आहे. पुणे आणि आजूबाजूच्या सोसायट्यांच्या अशा फायली मी बऱ्याच वर्षांपासून करतो, त्यामुळे उदाहरणं इथलीच आहेत. कायदा मात्र राज्यभर तोच.

परवानगी द्यायची कुणी आणि कशाची

मुळातला कायदा म्हणजे जलप्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, १९७४. त्याच्या कलम २५ आणि २६ प्रमाणे सांडपाणी कुठेही सोडायचं असेल, नवीन निचरा सुरू करायचा असेल किंवा असलेल्या निचऱ्यात बदल करायचा असेल, तर राज्य मंडळाची संमती लागते. आपल्याकडे ते मंडळ म्हणजे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, बोलीत एमपीसीबी. संमती दोन टप्प्यांत मिळते. बांधकामाआधीची 'कन्सेंट टू एस्टॅब्लिश' बिल्डर घेतो. इमारत वापरात येताना 'कन्सेंट टू ऑपरेट' मिळते, आणि पुढे ती वेळोवेळी नूतन करावी लागते. ही दुसरी संमती तुमची.

२०,००० चौरस मीटरपेक्षा जास्त बांधकाम असेल तर १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरीही घेतलेली असते. तिच्यातही पाण्याचा हिशेब छापलेला असतो. ती प्रत हुडकून काढा. संमतीपत्रातले आकडे आणि मंजुरीतले आकडे जुळले नाहीत, तर मंडळाची पहिली क्वेरी तीच येते.

आता मुद्द्याचं. पाणी वापरायची आणि पाणी द्यायची परवानगी सोसायटीला या एकाच कागदातून मिळते. संमतीपत्रात एक तक्ता असतो: सांडपाणी किती, प्रक्रिया कोणती, आणि प्रक्रिया केलेलं पाणी कुठे जाणार. या 'कुठे जाणार'च्या रकान्यात फ्लशिंग, बाग आणि महापालिकेचं ड्रेनेज एवढंच लिहिलेलं असेल, तर टँकरने बाहेर गेलेलं पाणी त्या कागदाच्या बाहेर गेलं. म्हणून टँकर भरायच्या आधी त्या रकान्यात दुरुस्ती मागायची. नूतनीकरण जवळ आलं असेल तर दोन्ही एकाच अर्जात बसवता येतं, मेहनत वाचते.

कर्नाटक सरकारने २०२४ च्या टंचाईत बंगळुरूच्या अपार्टमेंटना प्रक्रिया केलेलं निम्मं पाणी विकायची सरसकट मुभा दिली होती. व्हॉट्सॲपवर तो आदेश अजून फिरतो. तो आदेश तिकडचा. तुमच्या फायलीला जोडू नका. मी जोडलेला पाहिला आहे.

आधी कागद वाचा

संमतीपत्र कुणाच्या नावावर आहे ते बघा. पाच वर्षांपूर्वी सोसायटी नोंदणी झाली, तरी कागदावर अजून बिल्डरचंच नाव असतं. मोठ्या प्रकल्पात संमती 'पार्ट-वन', 'पार्ट-टू' अशी इमारतींप्रमाणे तुकड्यातुकड्याने घेतलेली असते आणि प्रत्येक तुकड्याची मुदत वेगळी. ए आणि बी विंगची संपलेली, सी विंगची चालू, आणि तिघांचं सांडपाणी एकाच प्लँटमध्ये, अशी खिचडी नेहमीची. नाव बदलणं आणि तुकडे एकत्र करणं हे काम सगळ्यात आधी घ्या. त्याला सोसायटीचं नोंदणी प्रमाणपत्र, हस्तांतराची कागदपत्रं आणि सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो. बिल्डरचं ना-हरकत पत्र मिळालं तर सोन्याहून पिवळं. नाही मिळालं तर मागितल्याचा पुरावा, म्हणजे रजिस्टर पोस्टाची पावती, जपून ठेवा.

मग अटींच्या पानावर या. निवासी प्रकल्पांच्या संमतीपत्रात साधारण अशी अट असते: प्रक्रिया केलेल्या पाण्यापैकी ६० टक्के पाणी फ्लशिंग, वातानुकूलन, कूलिंग टॉवर, अग्निशमन अशा दुय्यम कामांना वापरावं, आणि उरलेलं बागेला देऊन बाकीचं ड्रेनेजला जोडावं. तुमच्या कागदावरची शब्दरचना अक्षर न अक्षर वाचा. बाग त्या ६० टक्क्यांत धरली आहे की बाहेर, यावर पुढचं सगळं गणित फिरतं.

पाण्याचा ताळेबंद

मला विचाराल तर अख्खी फाईल या एका पानावर उभी असते. बाकीचे कागद गोळा करता येतात, ताळेबंद मात्र मांडावा लागतो. आणि तो खरा असावा लागतो, कारण पाहणीला आलेला अधिकारी मीटर बघतो.

२४० फ्लॅटची सोसायटी घेऊ. कागदावर हिशेब असा होतो: फ्लॅटमागे ५ माणसं, म्हणजे १२०० माणसं. माणशी १३५ लिटर. त्यातलं ९० लिटर आंघोळ-स्वयंपाक-धुण्याचं ताजं पाणी आणि ४५ लिटर फ्लशचं. ताजं पाणी दिवसाला १०८ हजार लिटर, फ्लश ५४ हजार. ताज्यापैकी ८५ टक्के गटारात येतं असं धरलं तर ९२, त्यात फ्लशचं ५४ पूर्ण, एकूण १४६. म्हणून प्लँट १५० केएलडीचा. केएलडी म्हणजे दिवसाला हजार लिटर. गाळ आणि बॅकवॉशमध्ये (फिल्टर धुण्यात) थोडं जाऊन हाती १४० येतं.

आता खर्चाची बाजू. फ्लश ५४. बाग ३००० चौरस मीटर, चौरस मीटरला ५ लिटर, म्हणजे १५. दोन्ही मिळून ६९. आणि १४० चे ६० टक्के होतात ८४. म्हणजे सगळं नियमाप्रमाणे केलं, बागही मोजून दिली, तरी १५ हजार लिटर कमी पडतात. पावसाळ्यात बाग शून्य. तेव्हा ५४ म्हणजे जेमतेम ३९ टक्के. निवासी सोसायटीत कूलिंग टॉवर नसतो, अग्निशमनाची टाकी एकदा भरली की भरली. मग हे पाणी जायचं कुठे? बाहेर पाणी देण्याची परवानगी मागताना हाच हिशेब अर्जाला जोडायचा. 'आम्ही समाजाच्या भल्यासाठी पाणी देऊ इच्छितो' असली वाक्यं लिहू नका. 'अट क्रमांक अमुक पूर्ण करायला दिवसाला इतकं पाणी आवाराबाहेर द्यावं लागतं' असं लिहा. अधिकाऱ्यालाही वर टिपणी लिहायची असते, त्याला आकडा लागतो.

हे झालं कागदावरचं. प्रत्यक्षात २४० पैकी ३० फ्लॅट बंद असतात, राहिलेल्यांत सरासरी तीन-साडेतीन माणसं. एका सोसायटीत आम्ही इनलेटला मीटर लावून महिनाभर बघितलं तेव्हा दिवसाला ९५ हजार लिटर येत होतं. पैकी ९१ हाती. माणसं ७००, फ्लश ३२, बाग १५. शिल्लक ४४, म्हणजे दहा हजार लिटरचे चार टँकर. साठ टक्क्यांच्या अटीला त्यातला एकच पुरेसा होता. अर्जात दोन्ही हिशेब द्या, आराखड्याप्रमाणेचा आणि मीटरप्रमाणेचा. नुसता आराखड्याचा दिला तर मीटर खोटं ठरवतं. नुसता मीटरचा दिला तर 'सगळे राहायला आल्यावर काय?' असा प्रश्न येतो.

यासाठी चार मीटर लागतात: इनलेट, आउटलेट, फ्लशच्या टाकीला जाणारी लाइन, आणि बाग. टँकर भरायचा पॉइंट हा पाचवा. शिवाय प्लँटला स्वतंत्र वीजमीटर बसवा. टाकीत हवा सोडणारा ब्लोअर खरंच चालू असतो का, हे वीजबिल निमूटपणे सांगून टाकतं.

फ्लशच्या लाइनची गोष्ट

ताळेबंदात '५४ फ्लशिंग' लिहिणं सोपं आहे. वरच्या टाकीत मात्र अनेक ठिकाणी बोअरचं पाणी सोडलेलं असतं. पहिल्या वर्षी कुणाच्या तरी कमोडमध्ये पिवळट पाणी आलं, वास आला, सभेत आरडाओरडा झाला, आणि प्लंबरने वॉल्व्ह फिरवला तो फिरवलाच. अर्ज करण्यापूर्वी गच्चीवर जाऊन कोणती लाइन कुठल्या टाकीत पडते ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

दुसरी भीती याहून मोठी आहे: क्रॉस कनेक्शन. कुणीतरी फ्लॅटचं नूतनीकरण करतं, मिस्त्री जवळची लाइन पकडून बाथरूमचा नळ जोडतो, आणि ती लाइन फ्लशची निघते. तपासायची साधी रीत अशी. एका विंगचा ताज्या पाण्याचा वॉल्व्ह तासभर बंद ठेवा. नळ उघडून लाइन रिकामी होऊ द्या. त्यानंतरही ज्या घरात स्वयंपाकघराच्या किंवा बेसिनच्या नळाला पाणी येतंय तिथे गडबड आहे. दुसरी खूण टीडीएसची, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांची. खडकवासल्याच्या पाण्याचा टीडीएस कमी, एसटीपीच्या पाण्याचा त्याच्या कितीतरी पट. पेनसारखं छोटं मीटर नळाखाली धरलं की लगेच कळतं. बोअर मिसळत असेल तर मात्र ही खूण चालत नाही, तेव्हा फ्लशच्या टाकीत खायचा रंग टाकून बघा.

प्रत्येक नळावर, बागेच्या हायड्रंटवरसुद्धा, 'पुनर्प्रक्रिया केलेलं पाणी, पिण्यासाठी नाही' ही पाटी मराठीत आणि हिंदीत हवी. माळीकाम आणि साइटवरची मजुरी करणाऱ्यांना इंग्रजी पाटीचा उपयोग नाही. जमलं तर नळाचं चित्र काढून त्यावर फुली.

पाण्याची तपासणी

निकषांचा इतिहास थोडा वळणाचा आहे, आणि तो माहीत नसला की माणूस चुकीचा आकडा धरून बसतो. १३ ऑक्टोबर २०१७ च्या केंद्रीय अधिसूचनेने महानगरांसाठी बीओडी (पाण्यातली सेंद्रिय घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) २० मिलिग्रॅम प्रतिलिटर आणि इतरत्र ३० अशी मर्यादा घातली. ती सैल आहे म्हणून प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे गेलं आणि ३० एप्रिल २०१९ च्या आदेशात कडक आकडे आले: बीओडी १०, सीओडी (रासायनिक चाचणीने मोजलेली ऑक्सिजनची गरज) ५०, निलंबित घन पदार्थ २०, एकूण नायट्रोजन १०, आणि विष्ठाजन्य कोलिफॉर्म १०० मिलिलिटरमध्ये शक्यतो १००, जास्तीत जास्त २३०. पण तुम्हाला लागू असलेला आकडा तुमच्या संमतीपत्रात छापलेला असतो. तोच धरायचा. बीओडी १० छापलेलं असताना 'पण केंद्राचं तर २० आहे' हा वाद घालून काही हाती लागत नाही.

नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेच्या माणसानेच घ्यावा. ऑपरेटरने बिसलेरीच्या बाटलीत भरून पाठवलेलं पाणी म्हणजे नमुना नव्हे. कोलिफॉर्मसाठी निर्जंतुक बाटली, आत क्लोरीन मारणारं सोडियम थायोसल्फेट, आणि बर्फाचा डबा लागतो. बीओडीची चाचणी आपल्याकडे २७ अंशांवर तीन दिवस चालते, तेव्हा 'उद्या रिपोर्ट द्या' म्हणू नका. उद्या मिळालाच तर त्या रिपोर्टवर विश्वास ठेवू नका. इनलेट आणि आउटलेट दोन्हींचे नमुने द्या. इनलेटचा बीओडीच फार कमी आला, तर कुठेतरी ताजं पाणी गटारात गळतंय किंवा पावसाचं पाणी शिरतंय.

मंडळाचे अधिकारी पाहणीत स्वतः नमुना घेतात, त्याला सगळे जेव्हीएस म्हणतात. तुमचे तीन महिन्यांचे रिपोर्ट उत्तम आणि जेव्हीएस नापास, हे बघितलं की अधिकारी काही बोलत नाही, फक्त लिहितो.

अर्जाआधी प्लँट जागेवर आणा

पाहणीला येणारी नजर कुठे जाते ते सांगतो. पहिली बायपासवर. इक्वलायझेशन टाकीतून (जिथे कच्चं सांडपाणी आधी जमा होतं) थेट ड्रेनेजला जाणारा पाइप आणि त्यावर वॉल्व्ह असेल, तर तो काढून ब्लाइंड फ्लँज, म्हणजे पाइप कायमचा बंद करणारी चकती, मारा. 'इमर्जन्सीसाठी ठेवलाय' हे उत्तर चालत नाही. दुसरी नजर एअरेशन टाकीच्या, म्हणजे जिथे हवा सोडली जाते त्या टाकीच्या, रंगावर. तिथलं मिश्रण चहासारखं तपकिरी हवं, वास ओल्या मातीचा. काळपट आणि सडका वास असेल तर हवा कमी पडतेय: हवेचे बुडबुडे सोडणारे डिफ्यूझर चोंदलेत किंवा ब्लोअर रात्री बंद ठेवला जातो.

हे तुम्हालाही तपासता येतं. एक लिटरचं काचेचं मापपात्र घ्या, एअरेशन टाकीतलं पाणी काठोकाठ भरा, अर्धा तास हलवू नका. गाळ खाली बसून वर पाणी स्वच्छ दिसायला हवं. गाळ १००० पैकी २५०-३०० च्या रेषेपर्यंत बसला तर तब्येत ठीक. जेमतेम ५० वर आला तर घाण खाणारे जिवाणूच नाहीत, नुसतं पाणी ढवळलं जातंय. ८०० वर थांबला तर गाळ काढायची वेळ कधीच टळून गेली आहे. एका प्लँटवर मी हे पात्र ठेवलं, तर ऑपरेटर म्हणाला, "साहेब, हे काय असतं? आमच्याकडे तर रजिस्टरमध्ये रोज २८० लिहितात."

तेच रजिस्टर म्हणजे तिसरी नजर. महिन्याच्या तीसही नोंदी एकाच निळ्या पेनाने, एकाच तिरप्या अक्षरात, एका बैठकीत लिहिलेल्या असल्या की पान उलटण्याआधीच कळतं. ऑपरेटरला ओरडून उपयोग नाही. त्याला दिवसाला चारच आकडे लिहायला सांगा: इनलेट मीटर, आउटलेट मीटर, मापपात्राचा आकडा, हायपो (निर्जंतुक करणारं क्लोरीनचं द्रावण) किती टाकला. वेळ लिहून सही. बास. बारा रकान्यांचं रजिस्टर छापून दिलं की ते घरी बसूनच भरलं जातं.

आणि हे ठळक लक्षात ठेवा: टाकीत माणूस उतरवायचा नाही. २०१३ चा हाताने मैला साफ करण्याला प्रतिबंध करणारा कायदा आहेच, पण त्याआधी हायड्रोजन सल्फाइड आहे. तो वायू सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा येतो आणि मग नाकच बधिर करतो, म्हणून वास गेला की धोका टळला असं वाटतं. नेमकी तीच जिवावर बेतणारी वेळ. सफाईचं काम यंत्राने आणि तसा करार असलेल्या एजन्सीकडूनच.

अर्ज

अर्ज मंडळाच्या संकेतस्थळावरून ऑनलाइन होतो. लॉगिन सोसायटीच्या नावाने आणि सोसायटीच्या ईमेलवर करा. आधीच्या सेक्रेटरींच्या मुलाच्या ईमेलवर असलेलं लॉगिन, आणि मुलगा परदेशात, ही कथा मी इतक्यांदा ऐकली आहे की आता पहिला प्रश्न तोच विचारतो.

शुल्क प्रकल्पाच्या भांडवली गुंतवणुकीवर ठरतं आणि त्यासाठी सीएचं प्रमाणपत्र लागतं. इथे घोळ होतो. सोसायटीच्या सीएला वाटतं एसटीपीची किंमत लिहायची, कागदावर मात्र आधीपासून अख्ख्या प्रकल्पाची गुंतवणूक चालत आलेली असते. मागच्या संमतीपत्रातला आकडा बघा, त्याच्याशी सुसंगत ठेवा, आणि बदलला तर कारण लिहून द्या. हाच आकडा तुमची फाईल उपप्रादेशिक कार्यालयातून निघाल्यावर किती वरपर्यंत जाणार हेही ठरवतो. पुण्यात अशी कार्यालयं पुणे-१, पुणे-२ आणि पिंपरी-चिंचवड अशी आहेत. आपला भाग कुणाकडे ते मागच्या संमतीपत्रावर दिसेल.

सोबत जोडायचं ते असं: मागचं संमतीपत्र आणि त्याच्या प्रत्येक अटीसमोर काय केलं याचा तक्ता, पर्यावरण मंजुरी, भोगवटा प्रमाणपत्र, पाण्याचा ताळेबंद, एसटीपीचा आराखडा आणि क्षमता, प्रयोगशाळेचे रिपोर्ट, ड्रेनेज जोडणीचं पत्र, जनरेटरची माहिती, गाळाचं काय करता ते, सोसायटीचा ठराव आणि सही करणाऱ्याला दिलेला अधिकार. पाणी बाहेर द्यायचं असेल तर त्यात आणखी तीन कागद: घेणाऱ्याचं पत्र, टँकरची व्यवस्था, आणि टँकर पॉइंटचा नकाशा. अटींच्या तक्त्यात जे केलेलं नाही तिथे 'केलं' लिहू नका. 'आउटलेट मीटर बसवायचं काम अमुक तारखेला पूर्ण होईल, खरेदीचा आदेश जोडला आहे' हे जास्त चालतं.

त्यानंतर क्षेत्र अधिकारी येतो, अहवाल जातो, क्वेरी येते. क्वेरी पोर्टलवर येते, फोनवर नाही. तेव्हा दर दोन दिवसांनी लॉगिन उघडायची जबाबदारी एका माणसावर टाका. कलम २५ मध्ये म्हटलंय की सर्व बाबतीत पूर्ण असा अर्ज केल्यापासून चार महिन्यांत निर्णय झाला नाही, तर संमती मिळाली असं मानलं जातं. यावर फार भरवसा ठेवू नका. 'सर्व बाबतीत पूर्ण' या तीन शब्दांत फाईल वर्षभर अडकू शकते, आणि एक क्वेरी अनुत्तरित असली की तो आधार गेलाच. संमती नाकारली किंवा अट अन्यायकारक वाटली तर कलम २८ खाली ३० दिवसांत अपील आहे. बँक गॅरंटी मागितली तर घाबरू नका, ती दंडाची रक्कम नसते; अटी पाळल्या की सुटते. तिची मुदत मात्र डायरीत लिहून ठेवा.

घेणाऱ्याचं काय

साइट इंजिनीअरला पाणी काँक्रीट आणि क्युरिंगसाठी हवं असेल, तर त्याचा निकष वेगळा. बीओडी १० आलाय म्हणून पाणी काँक्रीटला चालतं असं नाही. तिथे आयएस ४५६ चं २००० सालचं मानक लागतं: सामू ६ पेक्षा कमी नको, सेंद्रिय घन पदार्थ २०० मिलिग्रॅमपर्यंत, असेंद्रिय ३०००, सल्फेट ४००, निलंबित २०००. क्लोराइड साध्या काँक्रीटला २००० पर्यंत चालतं, पण सळईच्या काँक्रीटला फक्त ५००. सळई गंजते म्हणून.

या क्लोराइडवर सोसायट्या नकळत घात करून घेतात. बोअरचं पाणी जड म्हणून सॉफ्टनर बसवलेला असतो. तो मिठाच्या पाण्याने धुवावा लागतो आणि ते खारट पाणी सरळ एसटीपीत सोडलं जातं. जिवाणू जगतात, बीओडी उत्तम येतो, आणि क्लोराइड वर चढतं. एसटीपी मीठ काढत नाही. टँकर द्यायचा असेल तर सॉफ्टनरच्या धुण्याचं पाणी आधी वेगळं काढा. शंका आली तर मानकातच उपाय दिलाय: त्या पाण्याने बनवलेल्या काँक्रीटच्या क्यूबची २८ दिवसांची ताकद ऊर्ध्वपातित पाण्याने बनवलेल्या क्यूबच्या निदान ९० टक्के भरली पाहिजे. ही चाचणी घेणाऱ्याने करायची, पण रिपोर्टची प्रत तुमच्याकडेही हवी.

बागेला किंवा रस्ता-दुभाजकाला पाणी देणं सोपं. शेतावर द्यायचं झालं तर मी कोथिंबीर-मेथीसाठी देऊ नका असंच सांगतो. कच्चं खाल्लं जाणारं काहीही नको. फुलं, ऊस, झाडं ठीक.

ज्याला फक्त वापरायचं आहे, पुरवायचं नाही, अशा बिल्डरचं काम सोपं आहे. पुणे महापालिका आपल्या मैलापाणी केंद्रांतून टँकर भरून देते, त्याची नोंदणी तिच्याकडेच होते, आणि बांधकामाला हेच पाणी वापरावं असा आग्रहही तिचाच आहे. कारखान्याला मात्र असं पाणी घ्यायचं असेल तर त्याच्या स्वतःच्या संमतीपत्रात तो स्रोत यायला हवा. मोठ्या मापात हे कसं चालतं ते नागपुरात दिसतं: भांडेवाडीच्या केंद्रातलं रोज १३ कोटी लिटर पाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला जातं.

टँकर सुरू झाल्यावर

पिण्याचं पाणी आणणारा टँकर या पाण्यासाठी वापरायचा नाही, उलटही नाही. करारात हे वाक्य घाला आणि टँकरच्या दोन्ही बाजूंना 'पिण्यासाठी नाही' रंगवून घ्या. कागद चिकटवला तर दोन फेऱ्यांत उडतो. पाइपचं तोंड टाकीत लोंबकळत ठेवू नका. गेटवर तिकीट-पुस्तक ठेवा: तारीख, वेळ, गाडी नंबर, मीटरचा आधीचा आणि नंतरचा आकडा, कुठल्या साइटला, ड्रायव्हरची सही. पैसे घेणार असाल तर दर सर्वसाधारण सभेत ठरवा, समितीच्या खोलीत नको.

पहिल्या पानावर तारखा लिहून ठेवा. पर्यावरण विवरणपत्र, ज्याला फॉर्म-पाच म्हणतात, दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत. पर्यावरण मंजुरी असेल तर सहामाही अहवाल १ जून आणि १ डिसेंबरला. संमती संपायची तारीख आणि तिच्या चार महिने आधीची तारीख. चालू संमती संपल्यावर नूतनीकरणाचा अर्ज केला, तर मधल्या काळातला प्रत्येक टँकर विनापरवानगी ठरतो आणि तिकीट-पुस्तक तुमच्याच विरुद्ध पुरावा होतं.

जूनमध्ये पाऊस लागला की साइटवाल्यांचे फोन बंद होतात, बाग बंद होते, आणि पाणी परत ड्रेनेजला जायला लागतं. त्या महिन्यांतही रजिस्टर चालू ठेवा. टँकर गेला नाही त्या दिवशी 'शून्य' लिहा, मीटरचा आकडा लिहा, सही घ्या. कोरी पानं बघितली की पाहणीला आलेला माणूस तिथेच बोट ठेवतो.